डोंगर जुलैच्या अखेरीलाच का सुटतो?

महाड तालुक्यातली जुई आणि दासगाव, २५-२६ जुलै २००५. आंबेगाव तालुक्यातलं माळीण, ३० जुलै २०१४. पुन्हा महाड, तळीये, २२ जुलै २०२१. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. वर्षं वेगळी, डोंगर वेगळे, तारखा मात्र बारा दिवसांच्या आत बसतात. केरळात वायनाडचा डोंगर सुटला तोही ३० जुलैलाच, २०२४ साली.

जुलैत पाऊस जास्त म्हणून दरडी जास्त, हे उत्तर अर्धंच खरं आहे. धो धो पाऊस जूनमध्येही पडतो. कोकणात मृगातच एकेका दिवशी दोनशे मिलिमीटरची नोंद होते, वहाळ फुगतात, घाटरस्त्यावर माती येते. पण अख्खा डोंगर वाडीवर सहसा येत नाही. तेवढाच पाऊस महिन्याभराने पडला तर येऊ शकतो. फरक जमिनीत झालेला असतो.

बडोद्यात बसून हे लिहायला कारण आहे. गायकवाडांच्या काळापासून इथे स्थिरावलेल्या किती तरी मराठी घरांची मुळं रत्नागिरी-रायगडात आहेत. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची मंडळी अजूनही मे महिन्यात आंब्याला आणि भाद्रपदात गणपतीला गावी जातात. निवृत्तीनंतर गावच्या जागेत घर बांधायचं, निदान जुन्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढायच्या, हा बेत हल्ली बऱ्याच घरांतून ऐकू येतो. कोकणात सपाट जागा मिळते कुठे? मग जेसीबी बोलवायचा, मागचा डोंगर दहा-बारा फूट उभा कापायचा आणि जोतं घालायचं. बडोदं सपाट, चढ बघायचा तर पावागड गाठावा लागतो. उताराच्या मातीशी आपला संबंध दोन-तीन पिढ्यांपूर्वीच सुटला. निर्णय मात्र आपणच घेतो, कारण पैसे आपण पाठवतो.

खेड तालुक्यात आमच्या नात्यातल्या एका घरामागे असा ताजा काप मी जवळून पाहिला. वरचा भाग जांभ्याचा, लालभडक, भोकाभोकांचा, हात लावला तर खरखरीत. त्याच्याखाली पिवळट, मधूनच जांभळट छटेची मऊ चिकणमाती. नखाने ओरखडलं तर रेघ उठत होती आणि बोटावर तिचा गुळगुळीत थर राहत होता. या दोन थरांच्या सांध्यावर, ऐन मे महिन्यात, ओलसर काळी रेषा होती आणि तिच्यावर नेच्याची दोन-चार पानं हिरवीगार. काकू म्हणाल्या, "वर कलमांत झरा होता, आषाढात उपळायचा. कापलं तेव्हापासून तो तिथे येत नाही, इथूनच पाझरतं." गवंड्याचं म्हणणं होतं, जांभा आहे, शंभर वर्षं हलायचा नाही. जांभ्यापुरतं ते बरोबर आहे. पण जांभा कशावर उभा आहे, ते त्या ओल्या रेषेच्या खाली दिसत होतं.

कोकणातल्या पुष्कळ डोंगरांची रचना अशीच आहे. मूळ खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत तो वरून कुजत गेला. सगळ्यात वर लोह आणि ॲल्युमिनियम उरून जांभा झाला, मधल्या थरात चिकणमाती उरली, खाली अर्धवट कुजलेला मुरूम आणि त्याखाली पक्का कातळ. जांभ्यातून पाणी झरझर उतरतं. चिकणमातीत त्याला सहज वाट मिळत नाही, म्हणून ते सांध्यावर तुंबतं आणि उताराच्या दिशेने सरकतं. झरे याच सांध्यावर फुटतात, आणि घसरण्याचा पृष्ठही बरेचदा इथेच तयार होतो.

उतारावरची माती मुळात टिकते कशी, याचं गणित फ्रेंच अभियंता कुलोंब याने १७७३ मध्ये मांडलं. माती दोन गोष्टींनी धरून राहते: कणांची एकमेकांना असलेली चिकटण आणि कणाकणांतलं घर्षण. घर्षण वजनावर अवलंबून असतं. वरचा थर खालच्या थरावर जितका दाबून बसेल तितका तो सरकायला अवघड. मग पावसाने भिजून माती जड झाली तर ती अधिक घट्ट बसायला हवी, नाही का? इथे अडलेली गाठ कार्ल टर्झागी या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोडवली. त्याने दाखवलं की घर्षणाला उपयोगी पडतं ते सगळं वजन नव्हे. कणांच्या मधल्या पोकळ्यांतलं पाणी त्यातला काही भार स्वतः उचलतं, आणि उरतो तेवढाच भार कणाकणांना एकमेकांवर दाबतो.

याची प्रचीती स्वयंपाकघरात येते. गरम पाण्याने विसळलेली स्टीलची वाटी ओल्या ओट्यावर उपडी ठेवली की कधी कधी ती कुणी न ढकलता सरकते. आत कोंडलेली हवा तापून फुगते, वाटीचं थोडं वजन पेलते आणि काठाचा ओट्यावरचा दाब कमी होतो. ओटा तोच, वाटीही तेवढ्याच वजनाची, कमी झाली ती पकड. डोंगरात कोंडलेलं पाणी हेच काम करतं. पाण्याने माती 'बुळबुळीत' होते म्हणून घसरते, असा आपला समज असतो. खरं कारण आहे दाब. चिकणमातीच्या वर तुंबलेल्या पाण्याची पातळी जसजशी चढते, तसतसं वरच्या थराचं वजन पाण्यावर जातं. उतार तोच राहतो, खाली ओढणारं वजन उलट वाढतं आणि धरून ठेवणारं घर्षण घटत जातं.

कोरड्या मातीला आणखी एक आधार असतो. किंचित ओलाव्यात कणांच्या मधलं पाणी पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांकडे खेचून धरतं. मे महिन्यातला उभा काप भिंतीइतका भक्कम दिसतो तो बराचसा या ओढीमुळे. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ही ओढ शून्यावर येते. जेसीबीवाल्याने दाखवलेली मजबुती खोटी नसते, पण ती उन्हाळ्यातली असते.

आता तारखांचा उलगडा होतो. जूनचा पाऊस आधी जमिनीची तहान भागवतो. उन्हाळ्यात सुकलेल्या थरांत पाणी मुरतं, ओल खाली उतरते, सांध्यावर पातळी हळूहळू चढते. जुलै अर्धा उलटला की पोकळ्या भरत आलेल्या असतात. नव्या पाण्याला आत जागा नाही आणि बाहेर पडायला वाट अपुरी. अशा वेळी एक झोडपणारी रात्र पुरते. तळीये गाडलं गेलं त्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. तळीयेत ८० हून अधिक माणसं गेली, माळीणमध्ये १५० हून अधिक. त्या एका दिवसाच्या पावसाने शेवटचा धक्का दिला. तयारी आधीच्या सहा-सात आठवड्यांत झालेली होती.

हेच गणित पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या ऋतूत चालतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे तिथला मार्च म्हणजे डोंगर भरल्याचा काळ. वसंतातली वादळं भरलेल्या जमिनीवर येऊन आदळतात. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांसाठी रसेल कॅम्पबेल या भूवैज्ञानिकाने १९७५ मध्ये ठोकताळा दिला: मोसमात साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडून गेला असेल, तर त्यानंतर तासाला सहा मिलिमीटरची सरसुद्धा माती सोडवू शकते. तासाला सहा मिलिमीटर म्हणजे कोकणात कुणी छत्रीही उघडणार नाही असा पाऊस. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण प्रत्येक प्रदेशाचे उतार तिथल्या पावसाला सरावलेले असतात; वर्षाला तीन हजार मिलिमीटर झेलणाऱ्या रत्नागिरीचा उंबरठा कितीतरी वर आहे. पण 'आजचा पाऊस किती' याच्याआधी 'आजवरचा पाऊस किती' हे विचारायचं, ही रीत सगळीकडे लागू पडते.

तिथलं एक छोटं किनारी गाव, ला काँचिटा, मला कोकणातल्या कुठल्याही वाडीइतकं ओळखीचं वाटतं. समोर समुद्र, मागे सुमारे १८० मीटर उंचीचा कडा, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं. ४ मार्च १९९५ ला कड्याचा एक भाग घसरून नऊ घरांवर आला. घसरण तुलनेने सावकाश झाली, कुणी दगावलं नाही. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की मोठा पाऊस जानेवारीत होऊन गेला होता. खोलवरच्या थरापर्यंत पाणी पोचून दाब वाढायला मधला काळ गेला. नंतर रस्त्यावर माती येऊ नये म्हणून पायथ्याशी भिंत बांधली गेली. दहा वर्षांनी, १० जानेवारी २००५ ला, दोन आठवड्यांच्या जोरदार पावसाच्या शेवटी, आधी घसरलेल्या त्याच मातीचा काही भाग पुन्हा सुटला. या वेळी तो चिखलाचा लोंढा होता, सेकंदाला काही मीटर वेगाचा. भिंत ओलांडून तो घरांत शिरला आणि दहा माणसं गेली. एकदा घसरलेला उतार मोकळा होऊन शांत होतो, ही समजूत किती घातक आहे, ते या गावाने दाखवलं.

त्याच किनाऱ्यावर उत्तरेला बिग सर भागात २० मे २०१७ ला मड क्रीक इथे डोंगराची प्रचंड कड समुद्रात उतरली आणि महामार्ग क्रमांक एक गाडला गेला. रस्ता पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. हिवाळ्यातला विक्रमी पाऊस संपून गेला होता. पण उताराच्या हालचाली वाढल्याचं दिसल्यामुळे कामगारांना आधीच मागे घेतलं होतं, म्हणून जीव वाचले.

या मधल्या काळाचं उदाहरण आपल्या बडोद्यातही आहे. विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष चढत्या पाण्याकडे असतं, पण नदीचे मातीचे काठ बरेचदा पाणी उतरू लागल्यावर कोसळतात. पुराचं पाणी बाहेरून काठाला टेकू देत असतं. ते भराभर उतरलं की टेकू जातो आणि काठात मुरलेलं पाणी मात्र आतच राहतं, दाब धरून. पूर ओसरला म्हणून लगेच काठावर बघायला जाणाऱ्यांना हे सांगायला हवं.

मग कोकणातल्या वळवाच्या पावसाचं काय? एप्रिल-मे मधली वादळं कोरड्या जमिनीवर पडतात, म्हणून ती सहसा डोंगर सोडवत नाहीत. ताज्या कापाची मोकळी माती वाहून अंगणात येते, गडगा ढासळतो, इतकंच. पण दोन कामं ती करून जातात. उन्हाने पडलेल्या भेगांतून पाणी थेट खोल जातं. आणि जमिनीची तहान लवकर भागते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे लाच मुंबईत पोचला, नेहमीची तारीख ११ जून असताना. अशा वर्षी डोंगर भरायला सुरुवातही तेवढी लवकर होते, आणि आगोटीची कामं अर्धवट असतानाच धोक्याचे दिवस जवळ येतात. झाडं गेलेल्या उतारावर तर जास्तच. तोडलेल्या झाडाची मुळं लगेच मरत नाहीत, पण पुढच्या काही वर्षांत कुजतात आणि मातीला बांधून ठेवणारं जाळं विरतं. म्हणून गेल्या पावसात काही झालं नाही, हा पुढच्या पावसासाठी भरवसा होत नाही.

डोंगर सुटण्याआधी पुष्कळदा खुणा देतो, आणि त्या बघायला भूवैज्ञानिक असावं लागत नाही. घराच्या वर उतारावर चंद्रकोरीच्या आकाराची भेग. एका बाजूला कललेली झाडं, विजेचे खांब. दरवाजे-खिडक्या अचानक घट्ट होणं. नेहमीचा झरा आटणं आणि भलत्याच जागी पाणी फुटणं. पऱ्याचं पाणी भर पावसात एकदम कमी होणं, कारण वर कुठे तरी माती पडून ते अडलेलं असू शकतं, आणि ते फुटलं की लोंढा येतो. स्वच्छ झऱ्याला गढूळ पाणी येणं ही माझ्या मते सगळ्यात गंभीर खूण, कारण आतली माती वाहू लागल्याचं ती सांगते. अशी खूण दिसली की त्या रात्री मुक्काम हलवायचा, सकाळची वाट पाहायची नाही. चिखलाच्या लोंढ्याची घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट असते, त्यात धोंडे सहज वाहतात. त्यात पोहता येत नाही.

यंत्रणाही आता थोडी पुढे सरकली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं आणि 'भूस्खलन' नावाचं ॲप काढलं. धोकादायक उतारांचे नकाशेही या संस्थेने तयार केले आहेत. गावी प्लॉट घेण्याआधी सातबारा जितक्या काळजीने तपासतो, तितक्याच काळजीने हा नकाशा बघितला पाहिजे. बडोद्याच्या घरात बसून ते पाच मिनिटांचं काम आहे.

काकूंच्या घरामागचा काप आता बुजवता येणार नाही. कापाच्या वरच्या अंगाला, थोडं लांब, आडवा चर खणून वरून येणारं पाणी बाजूच्या वहाळात सोडायचं ठरलं आहे. पायथ्याशी भिंत घालायची आहे, पण तिच्यामागे दगडगोट्यांचा थर आणि भिंतीत ठिकठिकाणी पाइप, म्हणजे सांध्यावरचं पाणी कोंडणार नाही. गवंड्याला नुसती सिमेंटची गुळगुळीत भिंत हवी होती, ती दिसायला छान असते. पाइप कुठे आणि किती, हे चिपळूणच्या एका अभियंत्याकडून जागेवर येऊन ठरवून घेतलं. मागच्या दोन खोल्यांत पावसाळ्यात फक्त लाकडं आणि गोणपाटं राहतील, आणि आषाढ-श्रावणात सगळी मंडळी पुढच्या पडवीत झोपतील.