करमरकर पेटंट

नरेंद्र करमरकर यांनी लिनियर प्रोग्रॅमिंगची (मर्यादित साधनांच्या वाटपाची) गणिते सोडवण्याची जी पद्धत शोधून काढली, तिच्यावर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मे १९८८ मध्ये एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीला दिलेले पेटंट (क्र. ४७४४०२८). पेटंटाचे शीर्षक साधेच आहे : साधनसामग्रीच्या कार्यक्षम वाटपाच्या पद्धती व यंत्रणा. सॉफ्टवेअरवर, किंबहुना निव्वळ गणितावर, कुणी मालकी सांगावी का, हा वाद जिथे जिथे झाला तिथे या पेटंटाचे नाव निघाले. ‘करमरकरांनी पेटंट घेतले’ असे सैलपणे म्हटले जाते, पण पेटंटावर त्यांचे नाव संशोधक म्हणून आहे. मालक त्यांची कंपनी होती. नोकरीत केलेल्या शोधाचे हक्क कंपनीकडे जातात, त्यातलाच हा प्रकार.

करमरकर मूळचे ग्वाल्हेरचे. १९७८ मध्ये आयआयटी मुंबईतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, मग कॅलटेक, आणि बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी. त्यानंतर ते न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. एटी अँड टीच्या या प्रयोगशाळेत १९८४ साली त्यांनी आपली पद्धत मांडली, तेव्हा ते तिशीच्याही आत होते.

गणित

मर्यादित साधने अनेक कामांवर अशी वाटायची की खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त व्हावा, आणि सगळी बंधनेही पाळली जावीत : लिनियर प्रोग्रॅमिंगचा प्रश्न इतकाच. कोणत्या कारखान्यात किती माल काढायचा, कोणत्या विमानावर कोणते कर्मचारी पाठवायचे, तेलाच्या कोणत्या प्रकारात काय किती मिसळायचे, असे प्रश्न याच साच्यात बसतात. चलांची संख्या हजारांत आणि लाखांत जाते, तेव्हा उत्तर शोधणे हेच मोठे काम होऊन बसते.

१९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँटझिग यांनी यासाठी सिम्प्लेक्स पद्धत दिली. तिच्यावर कुणी पेटंट घेतले नाही, आणि पुढची चार दशके तेल कंपन्यांपासून लष्करापर्यंत सर्वांनी ती मोकळेपणी वापरली. सगळी बंधने मिळून अनेक मितींमधला एक पैलूदार आकार तयार होतो आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडते. तो आकार किल्ला मानला, तर सिम्प्लेक्स तटावरून एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर चालत जाते आणि करमरकरांची पद्धत आतल्या मोकळ्या जागेतून थेट वाट काढते. प्रत्येक पावलाला ती सगळ्या अवकाशाचे असे रूपांतर करते की आपण पुन्हा मध्याजवळ येतो, म्हणजे पुढचे पाऊल लांब टाकायला जागा मिळते. अशा पद्धतींना पुढे ‘इंटिरियर पॉइंट’ पद्धती हे नाव रूढ झाले.

याला सैद्धांतिक महत्त्वही होते. सिम्प्लेक्स व्यवहारात वेगवान असली तरी तिला घातांकी वेळ (गणित थोडे वाढले की दुप्पट-चौपट होत जाणारा) लागेल अशी उदाहरणे रचता येतात, हे क्ली आणि मिन्टी यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ लिओनिड खाचियान यांनी वेळेची बहुपदी मर्यादा पाळणारी, म्हणजे गणित वाढले तरी वेळ असा भरमसाट वाढू न देणारी, पद्धत दिली, पण प्रत्यक्ष वापरात ती फारच मंद होती. सिद्धांतात बहुपदी आणि व्यवहारातही वेगवान, असा दावा करता येईल अशी पहिली पद्धत करमरकरांची.

बातमी आणि मौन

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या वाट्याला हा मान क्वचित येतो. सिम्प्लेक्सपेक्षा पन्नासपट वेग, असे आकडे चर्चेत आले. पद्धतीचा सिद्धांत शोधनिबंधात छापला गेला होता, पण हा वेग ज्या प्रोग्रॅमने गाठला तो कसा लिहिला आणि कोणत्या गणितांवर तपासला, हे कंपनीने उघड केले नाही. इतर संशोधकांनी निबंधावरून आपापले प्रोग्रॅम लिहिले, आणि पुष्कळांना तो वेग दिसला नाही. चूक त्यांच्या प्रोग्रॅममध्ये होती की दाव्यात, हे ठरवायला साधनच नव्हते. या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान कशाने केले असेल, तर या मौनाने. पेटंट त्यानंतर आले. ज्यांनी एरवी करमरकरांचे काम पुढे नेले असते, तेच त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. विज्ञानात दावा तपासता येत नसेल तर तो करणाऱ्याचे कौतुक फार दिवस टिकत नाही, मग दावा खरा का असेना.

पेटंट कसे मिळाले

अमेरिकेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे शोध प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभराच्या आत अर्ज करावा लागे. करमरकरांनी आपली पद्धत १९८४ च्या वसंतात एका परिषदेत मांडली होती आणि कंपनीचा अर्ज एप्रिल १९८५ मध्ये दाखल झाला.

बेल लॅब्जचा सॉफ्टवेअर पेटंटांशी संबंध जुना आणि थोडा गमतीचा आहे. द्विमान संकेतात मांडलेले दशमान आकडे निव्वळ द्विमान आकड्यांत बदलण्याच्या एका रीतीवर याच लॅबमधल्या दोघांनी पेटंट मागितले होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले : असे पेटंट म्हणजे प्रत्यक्षात त्या अल्गोरिदमवरच मालकी, आणि ती देता येत नाही. हाच तो ‘गॉटशाक विरुद्ध बेन्सन’ खटला. दुसऱ्या बाजूला, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ‘सेटयूआयडी’ (प्रोग्रॅमला त्याच्या मालकाचे अधिकार देणाऱ्या) सोयीवर डेनिस रिची यांच्या नावे १९७९ मध्ये पेटंट मिळाले, आणि ते कंपनीने नंतर जनतेला खुले करून टाकले. आज प्रत्येक लिनक्स संगणकात ती सोय आहे. म्हणजे एकाच प्रयोगशाळेने एकदा मागून नकार ऐकला, एकदा मिळवून सोडून दिले, आणि तिसऱ्यांदा मिळवून घट्ट धरून ठेवले.

मधल्या काळात कायद्याचे वारे फिरले होते. १९८१ च्या ‘डायमंड विरुद्ध डीर’ निकालात रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेत संगणकाने समीकरण सोडवणे समाविष्ट होते, म्हणून सबंध प्रक्रियेला पेटंट नाकारू नये, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. रबराच्या साच्यात निदान रबर तरी होते. पेटंट वकिलांनी त्यातून घेतलेला धडा वेगळा : अर्जात समीकरणावर हक्क सांगू नका, त्याच्या उपयोगावर सांगा. ‘साधनसामग्रीचे वाटप’ हे शीर्षक याच धड्यातून आलेले दिसते.

त्याच दिवशी कंपनीला याच विषयावरची आणखी दोन पेटंटे मिळाली. त्यांपैकी रॉबर्ट वँडरबाय यांच्या नावचे पेटंट ‘ॲफाइन स्केलिंग’ या सोप्या रूपाचे होते. पुढे लक्षात आले की हीच कल्पना सोव्हिएत संघातल्या आय. आय. डिकिन यांनी १९६७ मध्येच छापली होती. रशियन नियतकालिकातला वीस वर्षांपूर्वीचा लेख परीक्षकाच्या टेबलावर येण्याची शक्यता कितपत? सॉफ्टवेअर पेटंटांवरच्या टीकेतला सर्वांत बळकट मुद्दा मला तरी हाच वाटतो. गणितात ‘आधी कुणी केले होते का’ हे शोधायला गणिताचे सगळे वाङ्मय चाळावे लागते, आणि पेटंट कार्यालय मुख्यतः आधीची पेटंटे चाळते.

मूळ पद्धतीच्या नवेपणावरही प्रश्न उठले. गिल, मरे, सॉन्डर्स, टॉमलिन आणि राइट या पाच जणांनी १९८६ मध्ये दाखवले, की करमरकरांची पद्धत १९५० आणि ६० च्या दशकांत वापरल्या जाणाऱ्या लॉगरिदमिक बॅरियर (सीमेजवळ जाण्याला दंड लावून उत्तर आतच ठेवणाऱ्या) पद्धतीशी गणिती अर्थाने जोडलेली आहे. यामुळे करमरकरांचे श्रेय कमी होत नाही. बहुपदी मर्यादेची सिद्धता त्यांचीच, आणि मागे पडलेल्या त्या पद्धतींकडे जगाचे लक्ष परत गेले तेही त्यांच्यामुळेच. पण श्रेय आणि मक्तेदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमध्ये हे पेटंट मागितले गेले तेव्हा हिरोशी कोन्नो या प्राध्यापकांनी त्याविरुद्ध जाहीर मोहीम उघडली, ती याच भूमिकेवरून.

कॉरबेक्स

ही पद्धत चालवण्यासाठी एटी अँड टीने कॉरबेक्स नावाची, अनेक प्रोसेसर असलेली संगणकप्रणाली बाजारात आणली. किंमत ८९ लाख डॉलर. पहिले गिऱ्हाईक अमेरिकेचे लष्कर. धंदा म्हणून हा प्रयोग फसला. कॉरबेक्सची किंमत मोजण्याइतकी मोठी गणिते असणाऱ्या संस्था थोड्या होत्या, आणि त्याच वेळी साध्या संगणकांवर चालणारी स्वस्त प्रणाली झपाट्याने सुधारत होती. करमरकरांच्या आव्हानामुळे सिम्प्लेक्सवाले खडबडून जागे झाले आणि त्यांनी आपले प्रोग्रॅम कित्येक पटींनी वेगवान केले. दुसरीकडे संशोधकांनी ‘प्रायमल-ड्युअल’ नावाची इंटिरियर पॉइंट पद्धतींची शाखा विकसित केली. १९९२ मध्ये संजय मेहरोत्रा यांनी तिला जे रूप दिले, तेच आजच्या बहुतेक प्रणालींचा आधार आहे. करमरकरांची मूळ प्रोजेक्टिव्ह पद्धत, म्हणजे पेटंटाने जिचे रक्षण केले ती, आता व्यवहारात सहसा कुणी वापरत नाही. कुंपण एका शेताला घातले आणि पीक शेजारच्या शेतात आले. २००० नंतरच्या दशकात पेटंटाची मुदत संपली, तेव्हा त्याची फारशी कुणी दखलही घेतली नाही.

करमरकर पुढे भारतात परतले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते प्राध्यापक होते, आणि २००७ मध्ये ‘एका’ हा महासंगणक उभारणाऱ्या पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजशीही सुरुवातीच्या काळात त्यांचा संबंध होता. फुलकरसन पारितोषिक आणि पॅरिस कॅनेलाकिस पुरस्कार हे त्यांना मिळालेले मोठे सन्मान. दोन्ही गणितासाठी.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने

कॉपीराइट असलेला प्रोग्रॅम न पाहता तेच काम करणारा दुसरा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, तर कायदा मोडत नाही; मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा, बराचसा डोलारा असाच उभा राहिला. पेटंटापुढे मात्र हा मार्ग बंद होतो, कारण तिथे कल्पनाच अडवलेली असते आणि ती तुम्हाला स्वतंत्रपणे सुचली असली तरी सुटका नाही. शिवाय प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी मागितली, तर ज्याच्या प्रती कोण किती काढतो हे कुणालाच ठाऊक नसते, त्या सॉफ्टवेअरने ती भरायची कशी? जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणूनच कडक अट आली : पेटंटामुळे सर्वांना मोकळेपणी वाटता येत नसेल, तर मुळीच वाटू नका. २००४ चा अपाची परवाना आणि २००७ ची जीपीएलची तिसरी आवृत्ती यांनी पुढची पायरी गाठली. योगदान देणाऱ्याने आपल्या योगदानाला लागू पडणाऱ्या पेटंटांचा हक्कही वापरणाऱ्यांना दिला पाहिजे, असे त्यांत लिहिले आहे. लिनक्सभोवतीच्या कंपन्यांनी २००५ मध्ये ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क ही पेटंटांची सामाईक तिजोरी काढली, आणि एके काळी लिनक्सवर आपल्या पेटंटांचा भंग केल्याचा आरोप करणारी मायक्रोसॉफ्ट २०१८ मध्ये तिची सदस्य झाली.

लिनियर प्रोग्रॅमिंगची अवस्था आज पाहण्यासारखी आहे. ग्नू प्रकल्पाच्या जीएलपीकेमध्ये इंटिरियर पॉइंट पद्धत आहे. एडिनबर्ग विद्यापीठात तयार झालेली हाय्ज (HiGHS) प्रणाली एमआयटी परवान्याखाली मोफत मिळते, आणि पायथॉनची सायपाय लायब्ररी तीच आत वापरते. ८९ लाख डॉलरच्या यंत्राचे काम आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी वसतिगृहातल्या लॅपटॉपवर करतो.

भारतात

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘ॲलिस’ निकालाने अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चढवून पेटंट मिळण्याची वाट बरीच अरुंद केली. युरोपीय संसदेने संगणकाधारित शोधांबाबतचा प्रस्तावित निर्देश ६ जुलै २००५ रोजी ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

भारताच्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना शोध मानत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातला तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोडणी असलेल्या प्रोग्रॅमला दार उघडले होते, पण डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे मार्च २००५ मध्ये संसदेने तो भाग गाळला. तेव्हापासून कायद्याचे शब्द तेच आहेत आणि भांडण पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर सरकले आहे. ऑगस्ट २०१५ ची तत्त्वे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या आक्षेपांनंतर काही महिन्यांतच स्थगित झाली. २०१६ मध्ये नव्या हार्डवेअरची अट आली. २०१७ मध्ये ती गेली. २०१९ च्या फेरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की ‘तांत्रिक परिणाम’ दाखवणारा शोध केवळ प्रोग्रॅमवर आधारलेला आहे म्हणून बाद ठरत नाही.

करमरकर पेटंटासारखा अर्ज आज मुंबईच्या पेटंट कार्यालयात आला, तर गणिती पद्धत आणि अल्गोरिदम अशा दोन कारणांनी तो अडायला हवा, कारण कलमातला ‘निव्वळ’ हा शब्द प्रोग्रॅमला लावलेला आहे, या दोन्हींना नाही. मात्र तोच अर्ज दूरध्वनीच्या जाळ्यातला ताण कमी करणारी यंत्रणा म्हणून लिहून आणला, तर तांत्रिक परिणामाचा युक्तिवाद उभा राहतो. १९८५ मध्ये एटी अँड टीच्या वकिलांनी जवळपास हेच केले होते.