इपॉक्सी रेझिनचे घरगुती काम, नागपूर

इपॉक्सी रेझिनकाम : द्रवरूप रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात मिसळून, ते मिश्रण साच्यात किंवा लाकडावर ओतून वस्तू घडवण्याचे काम. नागपुरातल्या घरांत त्याची नेहमीची रूपे म्हणजे दारावरची नावाची पाटी, घड्याळ, सागवानी टेबलाचा माथा आणि लग्नातली वरमाला जपणारी चौकट. हे रसायन घराला तसे नवे नाही. गळती बुजवायचे एम-सील आणि दोन नळ्यांतले अरल्डाइट याच कुळातले.

बहुतेक इपॉक्सी रेझिन बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांपासून बनते; हार्डनर बहुधा अमाइन वर्गातला असतो. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टाँ आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांच्या कामातून गेल्या शतकाच्या मध्याला ते बाजारात आले. ते वाळत नाही, तर दोन्ही द्रव एकमेकांशी जोडले जाऊन घट्ट होते. म्हणून ‘लवकर सेट व्हावे’ यासाठी हार्डनर वाढवला, तर उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि वस्तू चिकट किंवा लिबलिबीत होते. डब्यावरचे २:१ प्रमाण मापाने आहे की वजनाने, हे आधी वाचावे. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलका असल्याने दोन्ही हिशेब जुळत नाहीत.

कालवलेले मिश्रण किती मिनिटे ओतता येते, ही माहितीपत्रकावरची वेळ साधारण २५ अंश सेल्सिअस धरून दिलेली असते. नागपूरचा मे महिना त्यात बसत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ४० अंशांच्या खोलीत ४० मिनिटांचे मिश्रण पाव तासातच हाताबाहेर जाते. अभिक्रिया स्वतःही उष्णता सोडते. मग्यात अर्धा किलो मिश्रण नुसते ठेवले, तर ते तापत जाते, प्लास्टिक मऊ पडते, कधी धूरही निघतो. तेच पसरट ट्रेमध्ये ओतले की उष्णता निघून जाते. उन्हाळ्यात थोडे थोडे कालवावे, पातळ थरांत ओतावे आणि मंद हार्डनर वापरावा. खोली थंड करायला कूलर लावणे मात्र अंगाशी येते : वाळ्याच्या ताट्यांतून येणारी दमट हवा पृष्ठभागावर पांढुरकी, मेणचट साय धरते आणि सोबत धूळही आणते. पावसाळ्यातही हाच त्रास होतो. साय साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारूनच पुढचा थर द्यावा.

डिसेंबर-जानेवारीतला त्रास वेगळा. द्रव रेझिन दाट होते, बुडबुडे वर येत नाहीत आणि बाटलीत साखरेसारखे कण धरतात. बंद बाटली गरम पाण्यात ठेवली की कण विरघळतात. रेझिन टाकून देण्याची गरज नाही.

लाकूड बहुधा लकडगंजच्या आरा गिरण्यांतून येते. सागवान नीट मुरलेले नसेल तर आतला ओलावा पुढे तडे आणि दूधट डाग दाखवतो. शिवाय तापत जाणाऱ्या लाकडातली हवा फुगून रेझिनमध्ये बुडबुड्यांची रांग सोडते. त्यामुळे साच्याचे काम पहाटे केले तरी चालते, पण लाकडावर दिवस मावळल्यावर, तापमान उतरत असताना ओतणे बरे. त्याआधी ब्रशने एक पातळ थर देऊन छिद्रे बुजवावीत. वरचे बुडबुडे हीट गन झरझर फिरवून फोडतात. ती एका जागी धरली तर रेझिन करपते.

वरमालेची फुले सिलिका जेलमध्ये पूर्ण वाळवूनच घालावी लागतात. संत्र्याच्या चकत्यांचे कोस्टर इथे हौसेने करतात. चकतीत ओल राहिली तर ती तपकिरी पडते. साधे इपॉक्सी ५०–६० अंशांना मऊ पडू लागते, तेव्हा उकळत्या चहाच्या पेल्याचा वळ उमटतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरची मूर्ती वाकते. उन्हाने ते पिवळेही पडते.

कच्चे रेझिन आणि हार्डनर वारंवार अंगाला लागले तर त्वचेची ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. नायट्रिलचे हातमोजे घालावेत, हवा खेळती ठेवावी, घासताना मास्क लावावा. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये, साबण-पाण्याने धुवावे. उरलेले मिश्रण मोरीत न ओतता उथळ भांड्यात घट्ट होऊ द्यावे आणि मग सुक्या कचऱ्यात टाकावे.