मांज्याने कापलेलं बोट

उत्तरायणाला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर ‘काप्यो छे’चा गलका चालू असतानाच मांज्याने माझी तर्जनी कापली. चीर केसाएवढी, पण नेमकी पेरावर; बोट वाकवलं की उघडायची. आजीने हळद भरली आणि बजावलं, ‘‘खपली खरडू नकोस हं.’’

मी मात्र त्या खपलीकडे रोज निरखून बघत होतो. तिच्याखाली पेशी चालत होत्या.

हो, अक्षरशः चालत. वरच्या त्वचेतल्या केरॅटिनोसाइट पेशी एरवी शेजारणींना आणि खालच्या पडद्याला घट्ट धरून असतात. चीर पडली की रक्तातल्या प्लेटलेट आणि आसपासच्या पेशी वृद्धीघटक नावाची प्रथिनं सोडतात. मग काही तासांतच कडेच्या पेशी पकड सैल करतात. प्रथिनाचे रेणू ज्या बाजूने जास्त येतात, त्या बाजूला पेशीच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे भराभर वाढतात. तिथून पंख्यासारखा पातळ पापुद्रा बाहेर पसरतो, खाली चिकटतो, आणि मागचं टोक सुटून पुढे ओढलं जातं. उंधियूचा वास कुठल्या घरातून येतोय हे शोधताना आपण चार पावलं टाकून पुन्हा हुंगतो. पेशीला तेवढीही गरज नाही. ती जागच्या जागी आपल्या दोन टोकांची तुलना करते!

यातला एक घटक स्टॅन्ली कोहेन यांना जवळजवळ अपघाताने सापडला. ग्रंथींचा अर्क टोचलेल्या उंदरांच्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले, आणि कोहेननी त्यामागचं प्रथिन हुडकून काढलं. १९८६ साली रीता लेव्ही-माँटाल्चिनींसोबत त्यांना नोबेल मिळालं.

आता खपलीचं. चालायला पेशींना ओल लागते. वरचा थर वाळून कडक झाला की त्यांना विकरांनी (एन्झाइम्सनी) वाट विरघळवत त्याच्या खालून जावं लागतं. १९६२ मध्ये जॉर्ज विंटरनी डुकरांच्या उथळ जखमा प्लास्टिकच्या पापुद्र्याने झाकल्या, तेव्हा उघड्या जखमांपेक्षा त्यांच्यावर कातडी साधारण दुप्पट वेगाने धरली. म्हणजे आजीचं खपलीबद्दलचं बरोबरच. खरडली की खालचा नवा कोवळा थर फाटतो. चूक माझी होती. ‘वाऱ्यावर सुकू दे’ म्हणत मी पट्टी बांधलीच नव्हती.

दोन्ही काठांच्या पेशी मध्ये भेटल्या की थांबतात, पुन्हा एकमेकींना धरतात, आणि मग थरावर थर चढतो. माझी खपली भांडी घासताना कधी गळली कळलंच नाही. खाली गुलाबी रेघ होती. बोट वाकवलं, ती उघडली नाही.