खुलासा: खारफुटी कुठेही लावली की किनारा वाचतो?

‘किनाऱ्यावर खारफुटी लावा, धूप थांबेल’ असा संदेश बरीच वर्षं फिरतो आहे. खारफुटी लाटांचा जोर कमी करते, हे खरंच. पण ती साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीपासून भरतीरेषेपर्यंतच्या पट्ट्यात, निवाऱ्याच्या गाळात रुजते. त्या पट्ट्याच्या खाली लावलेली रोपं जास्त वेळ बुडून गुदमरतात. उघड्या वाळूवरून लाटा ती उपटून नेतात. गाळ कुठे साचतो, होड्या कुठे लागतात, हे तिथले मच्छीमार जाणतात. म्हणून त्यांना आखणीपासूनच सोबत घ्यायला हवं, नुसतं रोपं लावायला बोलावून भागत नाही. पडताळायचं तर ओहोटीला जाऊन पाहा: तिथे खारफुटी आपोआप उगवली आहे का? नसेल, तर का नाही, हे आधी तिथल्या जुन्या माणसांना विचारा.