चिकोरी: कॉफीच्या टंचाईत रुजलेलं मूळ

फिल्टर कॉफीत मिसळतात ती चिकोरी म्हणजे एका निळ्या रानफुलाचं भाजलेलं मूळ. हे झाड सूर्यफुलाच्या कुळातलं आणि मूळचं युरोप, पश्चिम आशियाकडचं. युनानी औषधांतली कासनी ती हीच. फूल जवळून पाहिलं तर प्रत्येक निळी पाकळी टोकाला पाच दातऱ्यांची दिसते, कारण ती पाकळी नसून एक स्वतंत्र फूलच असतं. सकाळी उमललेली फुलं कडक उन्हात दुपारपर्यंत मिटतात.

खरा ऐवज जमिनीखाली आहे. गाजरासारखं सोटमूळ खोल जातं, म्हणून पावसानं ओढ दिली तरी झाड तग धरतं. न्यूझीलंडमध्ये तर उन्हाळ्यात कुरणं वाळतात तेव्हा गुरांना हिरवा चारा मिळावा म्हणून ‘पुना’ नावाचं खास वाण १९८५ मध्ये आणलं गेलं. पुढच्या हंगामाची बेगमी हे झाड आपल्या मुळामध्ये इन्युलिनच्या, म्हणजे शर्करांच्या साखळीपासून बनलेल्या पदार्थाच्या, रूपात करून ठेवतं. मूळ भाजलं की त्यातल्या शर्करा करपतात, रंग काळपट होतो आणि कडवट-गोड वास सुटतो. कॅफिन मात्र नावालाही नसतं.

कॉफीची जागा घ्यायला एवढं पुरेसं होतं. अठराव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक कॉफीवर खवळला होता, कारण तिच्यापायी देशातला पैसा बाहेर जात होता. १७७७ मध्ये त्यानं प्रजेला बिअर प्या म्हणून सुनावलं आणि १७८१ मध्ये कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेतला. चोरून कोण भाजतं हे हुंगत फिरायला निवृत्त सैनिक नेमले. (कॉफीचा वास लपवणार कसा?) अशा मुलखात चिकोरीचे कारखाने चालले नसते तरच नवल. पुढे १८०६ मध्ये नेपोलियननं ब्रिटिश मालाला युरोपची दारं बंद केली, वसाहतींमधली कॉफी दुर्मीळ झाली आणि फ्रान्समध्ये चिकोरी घरोघरी पोचली. अमेरिकेतल्या फ्रेंच वळणाच्या न्यू ऑर्लिन्स या बंदरातही ती होतीच. १८६१ नंतरच्या अमेरिकी यादवीत बंदराची नाकेबंदी झाली तेव्हा तिचा मोठा आधार झाला. नाकेबंदी कधीच उठली, पण तिथल्या दूध-कॉफीत चिकोरी आजही असते. टंचाई संपली, सवय उरली.

लंडनमध्ये गोष्ट निराळी. तिथं टंचाईपेक्षा नफेखोरी जास्त होती. कॉफीच्या दरानं चिकोरी खपवली जायची. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनी बाजारातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ही भेसळ चव्हाट्यावर आणली. कॉफीच्या आणि चिकोरीच्या पेशींची ठेवण वेगळी असते, भाजून दळल्यावरही ती ओळखू येते. बिचाऱ्या चिकोरीची बदनामी तेव्हापासूनची. माझ्या मते दोष तिचा नाही, न सांगता मिसळणाऱ्यांचा.

भारतात ती उघडपणे नांदते. गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटा भागात ती रब्बीत पिकते, आणि तिची मुळं भाजून, दळून दक्षिणेच्या कॉफीत जातात. दाट काढा, गडद रंग आणि दुधातही टिकणारा कडवटपणा, हे सगळं तिच्याकडून येतं. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात नुसतं ‘८०-२०’ म्हटलं की भागतं: ऐंशी भाग कॉफी, वीस भाग चिकोरी. कायद्यानं अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. सुट्या पुडीबद्दल शंका असेल तर चिमूटभर पूड थंड पाण्याच्या ग्लासात सोडावी. कॉफी बराच वेळ वर तरंगते, चिकोरी तपकिरी रेघ सोडत लगेच तळ गाठते.