वंशावळ फोनवर: सिंकच्या वादाची पार्श्वभूमी

संगणकावरच्या वंशावळ सॉफ्टवेअरमधला डेटा फोनवर किंवा टॅबलेटवर बघायला आज मुख्यतः तीन वाटा आहेत. गेडकॉम फाइल (वंशावळीचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा ठरावीक साचा) काढून ॲपमध्ये उघडा, सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल क्लाउडवरून आणा, नाहीतर ऑनलाइन वंशवृक्षाशी सिंक करा, म्हणजे दोन्ही प्रती आपोआप जुळवून घ्या. तिन्हींत फोनवर येते ती प्रतच. मग अस्सल कोणती, यावरून अमेरिकेतल्या हौशी वंशावळकारांमध्ये बरेच वादंग झाले.

गेडकॉम १९८४ मधले. तिथल्या एका चर्चने ते आपल्या सॉफ्टवेअरसोबत आणले, आणि १९९६ ची ५.५ आवृत्ती पुढे वर्षानुवर्षे चालली. पाम हँडहेल्डच्या, म्हणजे स्मार्टफोनआधीच्या तळहातावरच्या छोट्या संगणकांच्या दिवसांत तेवढ्यावर भागायचे. घरच्या पीसीवर गेडकॉमचे रूपांतर करायचे, गेडस्टारसारख्या प्रोग्रॅमने ते हातातल्या यंत्रात उतरवायचे आणि अभिलेखागारात किंवा दफनभूमीत नावे ताडून बघायची. अस्सल फाइल घरच्या पीसीवर, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

२००८ मध्ये आयफोनला ॲप स्टोअर मिळाले, २०१० मध्ये आयपॅड आला, आणि वाटा फुटल्या. रूट्समॅजिक या वंशावळ सॉफ्टवेअरच्या ॲपमध्ये संगणकावरची फाइल आयट्यून्स किंवा ड्रॉपबॉक्समार्गे यायची, पण फक्त वाचायला. ॲन्सेस्ट्री या कंपनीच्या फॅमिली ट्री मेकर सॉफ्टवेअरच्या २०१२ आवृत्तीने दुसरा रस्ता धरला. तिच्यात ट्रीसिंक होते: संगणकावरची फाइल आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा वृक्ष एकमेकांशी जुळवायचे, आणि फोनवरच्या ॲपने तो ऑनलाइन वृक्ष उघडायचा. म्हणजे फोन आणि पीसी यांची थेट गाठ कधी पडतच नव्हती, मध्ये सर्व्हर होता. अहवाल आणि पुस्तकाची मांडणी संगणकावरच राहायची. सोय मोठी होती, पण सर्व्हरवाला जोवर दार उघडे ठेवेल तोवरचीच.

डिसेंबर २०१५ मध्ये ॲन्सेस्ट्रीने जाहीर केले की महिनाअखेरीस फॅमिली ट्री मेकरची विक्री थांबेल आणि मदत १ जानेवारी २०१७ पर्यंतच मिळेल. डेस्कटॉप सॉफ्टवेअरची बाजारपेठ आटते आहे, लोक ऑनलाइन आणि मोबाइलकडे वळताहेत, असे कारण दिले गेले. त्यात तथ्य होतेच. पण वर्षानुवर्षे एका फाइलवर काम केलेल्यांना त्याचा अर्थ वेगळा लागला: अस्सल प्रत आता तुमच्या घरी नाही, वर्गणीच्या पलीकडे आहे. ऑनलाइन वृक्षाचे गेडकॉम उतरवून घेता येत होते, पण त्यासोबत छायाचित्रे येत नव्हती. म्हणजे ज्यांची छायाचित्रे फक्त ऑनलाइन वृक्षावर होती त्यांना बाहेर पडणे अवघड. ही घोषणा ऐन नाताळाच्या तोंडावर करण्याची घाई काय होती, हे कोडेच आहे.

ओरड इतकी झाली की फेब्रुवारी २०१६ मध्ये सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीला विकल्याचे जाहीर झाले आणि रूट्समॅजिकलाही ॲन्सेस्ट्रीवरच्या वृक्षांशी जोडण्याची वाट मोकळी केली गेली. जुने ट्रीसिंक मार्च २०१७ च्या अखेरीस बंद पडले. त्याच्या जागी आलेले फॅमिलीसिंक सर्वांच्या हाती पडेपर्यंत काही महिने गेले. मधल्या काळात फोनवर केलेली दुरुस्ती संगणकावर हाताने चढवावी लागे.

दरम्यान गेडकॉम फाइलही काळाच्या मागे पडली होती. गेडकॉमची जुनी अक्षरसंच-पद्धत अन्सेल ही रोमन लिपीपुरती होती. तिच्यात देवनागरीला जागाच नव्हती, त्यामुळे कुलवृत्तांत संगणकावर आणू पाहणाऱ्या मराठी घरांना नावे रोमनमध्ये लिहावी लागत. सगळ्या लिप्यांची अक्षरे सामावणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीचा पर्याय ५.५.१ च्या मसुद्यात १९९९ मध्येच आला, पण त्या मसुद्यावर अधिकृत शिक्का बसायला २०१९ उजाडले. छायाचित्रांचे दुखणे त्याहून जुने: फाइलमध्ये सहसा फक्त त्यांचा पत्ता असतो, तोही बहुधा पीसीच्या फोल्डरचा, म्हणून फोनवर चौकटी रिकाम्या दिसतात. २०२१ च्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीचे झाले आणि डेटा व छायाचित्रे एकाच झिप गाठोड्यात बांधायची सोय आली. ग्रॅम्प्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरने आणखी एक पर्याय दिला. आपल्याच सर्व्हरवर ग्रॅम्प्स वेब बसवायचे आणि वंशावळ फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायची. मात्र तो सर्व्हर सांभाळणारे कुणीतरी घरात असावे लागते.