सुशासन सल्लागार (आंतरराष्ट्रीय विकास)

विकासासाठी निधी देणाऱ्या संस्थांना, किंवा तो घेणाऱ्या सरकारांना, कारभाराविषयी सल्ला देणारा व्यावसायिक. पैसा कुठून येतो, निर्णय नेमका कोण घेतो, खर्चाचा जाब कोणाला द्यावा लागतो आणि नागरिकाचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, हे त्याचे विषय. जागतिक बँकेने १९८९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेवरील अहवालात ‘कारभाराचे संकट’ असा शब्दप्रयोग केला आणि हा विषय मदतीच्या चर्चेत ठळक झाला. ब्रिटनच्या डीएफआयडी या आंतरराष्ट्रीय विकास खात्यात (१९९७–२०२०) अशा सल्लागारांचा स्वतंत्र वर्गच होता.

कामाची सुरुवात कार्यकक्षेपासून, म्हणजे काय काम करायचे हे ठरवणाऱ्या दस्तऐवजापासून होते. बोलताना सगळे तिला टीओआरच (टर्म्स ऑफ रेफरन्स) म्हणतात. त्यानंतर काम कसे करणार हे सांगणारा आरंभ अहवाल, कागदपत्रांची छाननी, मुलाखती, मसुदा, त्यावरचे शेरे आणि अंतिम अहवाल असा क्रम असतो. मोबदला बहुधा कामाच्या दिवसांवर ठरतो. शेऱ्यांच्या फेऱ्यांना लागणारे दिवस करारात धरायचे राहून गेले, की शेवटचा महिना फुकट जातो.

अंदाजपत्रक वाचणे

या व्यवसायाचा कणा म्हणजे हिशेब. सार्वजनिक वित्तव्यवस्था तपासण्याची सर्वाधिक रुळलेली चौकट ‘पेफा’ (पब्लिक एक्स्पेंडिचर अँड फायनान्शियल अकाउंटेबिलिटी). २०१६ च्या आवृत्तीत तिचे ३१ निकष व ९४ उपनिकष आहेत आणि गुण ए ते डी असे दिले जातात. पहिला निकष एकूण खर्चाचा. मागील तीनपैकी किमान दोन वर्षांत प्रत्यक्ष खर्च मंजूर अंदाजपत्रकाच्या ९५ ते १०५ टक्के असेल तर ए, ९० ते ११० टक्के असेल तर बी, ८५ ते ११५ टक्के असेल तर सी, त्यापलीकडे डी.

नवशिके चुकतात ते इथेच. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक उघडले तर मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष असे वेगवेगळे आकडे भेटतात. समजा, मूळ अंदाज १०० कोटी, सुधारित ८४ कोटी आणि खर्च ८२ कोटी आहे. सुधारितशी तुलना केली तर ९७.६ टक्के, म्हणजे कारभार उत्तम. मूळ अंदाजाशी केली तर ८२ टक्के, म्हणजे डी. सुधारित अंदाज वर्ष संपत आल्यावर होतो, तेव्हा तो खर्चाच्या जवळ असणारच. पेफाला मूळ मंजूर आकडाच लागतो.

दुसरी जागा ‘दायित्वा’ची. काम झाले, बिल आले, पण पैसे दिले गेले नाहीत, अशी रक्कम नुसत्या रोख हिशेबात दिसतच नाही. पेफात अशी थकबाकी एकूण खर्चाच्या २ टक्क्यांपर्यंत असेल तर ए मिळतो, १० टक्क्यांच्या वर गेली की डी. लेखा विभागात ‘दायित्व किती?’ असे विचारणाऱ्या सल्लागाराला लोक गंभीरपणे घेतात.

जबाबदारीचा नकाशा

सरावासाठी नवी मुंबईसारखे शहर शोधून सापडणार नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत एमआयडीसीची. म्हणून एखाद्या रस्त्यावरील खड्ड्याबाबत आधी चार गोष्टी लिहून काढायच्या: जमीन कोणाची, देखभाल कोणाची, पैसा कोणाचा, तक्रार कोण नोंदवून घेतो. चारही उत्तरांत एकच नाव आले नाही, तर दोष कर्मचाऱ्याच्या आळसाआधी रचनेत शोधावा.

कायद्यातली रचना आणि चालू व्यवहार यांतले अंतरही मोजावे लागते. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून काही वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती होत्या. अंदाजपत्रक मांडणारा आणि ते मंजूर करणारा अधिकारी तेव्हा एकच होता. अशा काळात लोकप्रतिनिधींच्या छाननीचा निकष नियमावली वाचून भरला, तर अहवाल खोटा ठरतो.

हीच गफलत परदेशात उलट्या बाजूने होते. महाराष्ट्रात १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाखाली आलेल्या ७५३ स्थानिक पातळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक सरकारांमध्ये, कार्यपालिकेचे नेतृत्व निवडून आलेल्या प्रमुखाकडे असते. ठाण्यातली सवय घेऊन तिथे फक्त प्रशासकीय अधिकाऱ्याच्या भेटीची वेळ मागितली, तर चुकीचे दार ठोठावले जाते. तयार नमुना दुसरीकडे चिकटवण्याची खोड या क्षेत्राला फार जुनी आहे: समिती स्थापन होते, नियमावली छापली जाते, फाइल मात्र पूर्वीच्याच वाटेने फिरते. उपाय कष्टाचा, पण साधा आहे. निकाली निघालेल्या दहा-वीस फाइली घ्याव्यात आणि आवक क्रमांकापासून जावक क्रमांकापर्यंत प्रत्येक टप्प्याची तारीख लिहावी. विलंब कुठे होतो ते मुलाखतींपेक्षा या तारखाच अधिक खरे सांगतात.

शिक्षण व नेमणूक

लोकप्रशासन, अर्थशास्त्र, कायदा किंवा लेखाशास्त्र यांपैकी कोणतीही पदवी चालते. लेखा जाणणाऱ्याला मागणी अधिक असते. महापालिकेत, लेखापरीक्षणात किंवा माहिती अधिकाराच्या कामात काढलेली तीन-चार वर्षे परदेशी पदवीइतकीच उपयोगी पडतात, मात्र अर्जात ती नेमक्या कामांसह लिहावी लागतात. सल्लागार संस्थेची निवड करताना तांत्रिक प्रस्तावाला ८० व किमतीला २० गुण अशी विभागणी नेहमी दिसते. त्यामुळे दर पाडून काम मिळेल, हा समज चुकीचा आहे.

हे क्षेत्र सध्या आक्रसते आहे. डीएफआयडी २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाली आणि जुलै २०२५ पासून यूएसएआयडी या अमेरिकी मदतसंस्थेचे कार्य अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे गेले. दीर्घ मुदतीच्या जागा कमी झाल्या असून नवख्यांना बहुधा अल्पमुदतीचे करारच मिळतात.